आधी घड्याळाचे पोट पाहा

नाशिक रोडला मुक्तिधामच्या बाजूच्या बाजारात घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकांचे एक टेबल आहे. वर पिवळट दिवा, डोळ्याला लावायचे भिंग, चिमटे, ब्लोअर आणि स्क्रू हरवू नयेत म्हणून काठ असलेला ट्रे. या टेबलावर एका दुपारी तीन ऑटोमॅटिक घड्याळे शेजारी शेजारी पडली होती. एक एचएमटीचे ‘कांचन’, नोट प्रेसमधून निवृत्त झालेल्या गृहस्थांचे. दुसरे आखातातून आलेले जुने सिको फाइव्ह. तिसरे स्विस क्रोनोग्राफ, तिशीतल्या एका इंजिनिअरचे. त्याच्यासोबत एक चकचकीत लाकडी पेटीही होती. ऑटोमॅटिक घड्याळ फिरवून त्याची चावी भरत ठेवणारी, तीच वाइंडर.

तक्रार सरळ होती. पेटी दिवसभर फिरते, तरी घड्याळ दोन दिवसांत बंद.

“काका, घड्याळ बिघडलंय की पेटी?”

काकांनी दोन्हींपैकी कशालाच दोष दिला नाही. त्यांनी मागचे झाकण उघडले आणि लाकडी काडीने रोटर हलवला. अर्धगोल वजनदार पाते एका बाजूला सुळकन फिरले, दुसऱ्या बाजूला अडत, जड चालीने गेले. “हे बघा साहेब, हा एकाच बाजूने चावी भरतो. पेटी कुठल्या बाजूने लावलीय?” पेटी उलट्या बाजूला लावलेली होती. आत व्हॅल्जू 7750 हे मशीन होते. 1970 च्या दशकात आलेले आणि आजही कितीतरी महागड्या क्रोनोग्राफमध्ये सापडणारे. त्याचा रोटर एका दिशेला चावी भरतो आणि दुसऱ्या दिशेला मोकळा फिरतो. पेटी महिनाभर फिरली असती तरी उपयोग शून्य.

वाइंडरच्या दुकानात पहिला प्रश्न लाकूड कोणते, आत मखमल की चामडे, दिवा निळा की पांढरा, असाच असतो. खरे तर निवड घड्याळाच्या आतल्या मशीनवरून व्हायला हवी. मनगट हलले की गुरुत्वाकर्षणाने रोटर खालीच राहू पाहतो, घड्याळ त्याच्याभोवती फिरते आणि त्या फरकातून मेनस्प्रिंग गुंडाळली जाते. जॉन हारवूड या इंग्रज कारागिराने 1924 साली स्विस पेटंट घेतलेल्या मनगटी घड्याळात वजन पूर्ण फिरत नसे, दोन्ही टोकांना धडकून परतत असे. पूर्ण गोल फिरणारा रोटर 1931 साली रोलेक्सने लोकप्रिय केला. वाइंडर म्हणजे हेच मनगट, मोटारीने चालवलेले. त्यामुळे घड्याळ उभे किंवा तिरके धरून फिरवणारी पेटीच कामाची. डायल आकाशाकडे करून सपाट फिरवले तर रोटरला ‘खाली’ अशी बाजूच उरत नाही.

मग दोन आकडे पाहायचे: दिशा आणि दिवसाचे फेरे. ईटीए 2824 दोन्ही दिशांना चावी भरते आणि दिवसाला 650 च्या आसपास फेरे पुरतात. 7750 साठी वाइंडरचे तक्ते काट्यांच्या दिशेने सुमारे 800 फेरे सांगतात. सिकोच्या जुन्या 7एस26 मशीनमध्ये ‘मॅजिक लिव्हर’ दोन्ही बाजूंचे फिरणे वापरते, पण या मशीनला हाताने चावी देताच येत नाही. बंद पडले की हलवायचे, दुसरा मार्ग नाही. म्हणून वाइंडरचा खरा उपयोग काही वेळा लाखाच्या घड्याळापेक्षा या साध्या सिकोलाच जास्त होतो, ही गंमत दुकानदार कधी सांगत नाहीत.

फेऱ्यांचे गणित घरी करता येते. मोटार मिनिटाला 10 फेरे घेत असेल तर 650 फेऱ्यांना दिवसभरात 65 मिनिटे पुरतात. दर 45 मिनिटांनी दोन मिनिटे फिरणारी पेटी दिवसाला 640 फेरे देते. बाकी वेळ तिने स्वस्थ बसावे. अखंड फिरणारी पेटी घेऊ नये. स्प्रिंग तुटेल ही भीती मात्र खोटी आहे. ऑटोमॅटिकमध्ये मेनस्प्रिंगचे बाहेरचे टोक पक्के अडकवलेले नसते, चावी पूर्ण झाली की ते स्प्रिंगच्या डब्याच्या भिंतीवरून घसरते. घसरणाऱ्या स्प्रिंगचे पेटंट घड्याळजी आद्रियां फिलिप यांनी 1863 मध्येच घेतले होते. पण चोवीस तास घसरत राहिले तर झीज होणारच, आणि रोटरच्या चाकांनाही विश्रांती मिळत नाही.

दुसऱ्या फेरीत इंजिनिअर पेटी पुन्हा घेऊन आला आणि काकांनी तिची परीक्षा घेतली. फिरणाऱ्या उशीवर पांढऱ्या टेपचा ठिपका चिकटवून मोबाइलवर व्हिडिओ काढला; एका आवर्तनात किती फेरे होतात ते ठिपका मोजून देतो. माहितीपत्रकातल्या आकड्याशी तो जुळला नाही तर माहितीपत्रक बाजूला ठेवायचे. मग स्वस्तातले होकायंत्र पेटीजवळ नेले. सुई हलली तर मोटारीचे चुंबक बाहेर जाणवते आहे असे समजायचे. घड्याळ जिथे बसते तिथपर्यंत ते पोहोचू नये. बॅलन्स चाकाच्या बारीक हेअरस्प्रिंगमध्ये चुंबकत्व शिरले की वेटोळी चिकटतात आणि घड्याळ पुढे पळू लागते. उशीवर घड्याळ घट्ट बसते का, तेही पाहिले. छोट्या मनगटाची चेन जाड उशीवर ताणली जाते आणि सैल बसली तर पेटी फिरते, घड्याळ जागेवर.

शेवटी प्लग काढला आणि पुन्हा लावला. ही चाचणी सहसा कुणी करत नाही. आपल्याकडे वीज जाते, येते. काही पेट्या वीज आल्यावर आपोआप सुरू होतात, काही बटण दाबेपर्यंत गप्प राहतात. गावाला गेलेल्या माणसाला फरक कळतो तो परत आल्यावर.

दिशा बदलून घड्याळ दोन दिवस पेटीत ठेवले, मग टाइमग्राफरवर धरले. हे यंत्र टिकटिक ऐकून वेग आणि बॅलन्स चाकाच्या झोक्याचा कोन सांगते. चावी पूर्ण भरलेल्या निरोगी घड्याळात तो 270 अंशांच्या वर असतो. आकडा तिथे आला. कमी आला असता तर फेरे वाढवावे लागले असते किंवा घड्याळाची सर्व्हिसिंग.

आवाज काकांच्या टेबलावर कळत नाही, बाजाराचा कल्लोळ असतो. तो रात्री बेडरूममध्येच ऐकावा. मोटार जपानी आहे असे पेटीवर छापलेले असणे म्हणजे शांततेची हमी नव्हे.

आता निवृत्त गृहस्थांचा प्रश्न. त्यांनाही पेटी हवी होती, ‘कांचन’साठी. एके काळी लग्नात जावयाला द्यायचे, वशिल्याने मिळवायचे हे घड्याळ. काकांनी नको म्हटले. रोज हातात घालणाऱ्याला वाइंडरची गरजच नाही. आणि अधूनमधून घालणाऱ्याने चावीचे वीसेक फेरे देऊन वेळ लावावी, तारीख मात्र रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान बदलू नये. थांबलेल्या घड्याळातले तेल गोठते हा समजही जुन्या तेलांच्या काळातला. आजची कृत्रिम तेले तशी गोठत नाहीत. उलट चालू घड्याळाची झीज सुरूच असते.

वाइंडर खरोखर लागते ते पर्पेच्युअल कॅलेंडरला. तारीख, वार, महिना, लीप वर्ष, चंद्रकला, सगळे एकमेकांत गुंतलेले. घड्याळजी कुर्ट क्लाउस यांनी 1985 मध्ये आयडब्ल्यूसी कंपनीसाठी केलेल्या ‘दा विंची’ घड्याळामध्ये हे सगळे एका चावीने पुढे सरकते, पण मागे येत नाही. एक दिवस पुढे गेलात तर घड्याळ थांबवून त्या दिवसाची वाट पाहायची. असे घड्याळ ज्याच्याकडे आहे त्याने चांगली पेटी जरूर घ्यावी. स्क्रूची चावी असलेली दोन-तीन घड्याळे आलटून पालटून वापरणाऱ्यालाही ती सोयीची आहे. चावी वारंवार उघडून आटे आणि रबर झिजण्यापेक्षा बरे.

बाकीच्यांनी दुकानात जाण्यापूर्वी आपल्या घड्याळातल्या मशीनचा क्रमांक कागदावर लिहून न्यावा. दिशा निवडता येत नसेल, फेऱ्यांचा आकडा बदलता येत नसेल किंवा विक्रेत्याला दोन्ही सांगता येत नसतील, तर ती पेटी कितीही देखणी असो, घेऊ नये. तेवढे पैसे पुढच्या सर्व्हिसिंगसाठी बाजूला ठेवावेत, पाच ते दहा वर्षांत ती करावीच लागते.