परदेशी पाहुण्याशी बोलावे कसे?

परदेशच्या मनुष्याशी संभाषण करण्याचा प्रसंग एके काळी बॅरिस्टर, मोठे व्यापारी आणि बोटीवरचे खलाशी यांच्यापुरताच मर्यादित होता. आज ती गोष्ट राहिली नाही. मुलगा कॅनडास, भाची जर्मनीस, सुनेच्या कचेरीतील सहकारी जपानचा, अशी स्थिती मध्यम वर्गातील कित्येक घरांत दिसते. वसईहून दिव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील आमच्या कामणसारख्या लहानशा गावीही एखादे वेळी परदेशी पाहुणा कोणाच्या तरी ओटीवर बसलेला आढळतो. अशा पाहुण्याशी हवापाण्याच्या गोष्टी बोलून झाल्या म्हणजे पुढे काय बोलावे, हा प्रश्न उभा राहतो. राजकारण काढावे तर वाद होण्याची भीती. विनोद करावा तर तो कळेल की नाही ही शंका. आणि चालीरीतींविषयी विचारावे तर पाहुणा दुखावेल की काय, हा संकोच! या तीन विषयांसंबंधी आज चार शब्द सांगण्याचा माझा विचार आहे.

प्रथम चालीरीतींचा विषय घेऊ, कारण तो सर्वांत सोपा वाटतो आणि फसगत मात्र तेथेच अधिक होते. आपल्याकडे पहिल्या आग्रहास ‘नको’ म्हणणे हा सभ्यपणा आहे आणि तो ‘नको’ न मानणे हा यजमानाचा धर्म आहे. युरोपातील पुष्कळ घरांत ‘नको’ याचा अर्थ ‘नको’ एवढाच असतो. त्यामुळे तिकडे गेलेला आपला विद्यार्थी पहिल्याच नकारासरशी अर्धपोटी उठतो, आणि इकडे आलेला पाहुणा पान स्वच्छ करणे ही शिष्टाचाराची परमावधी समजून वाढलेले सर्व संपवितो. रिकामे पान पाहून गृहिणी पुन्हा वाढते. पाहुणा पुन्हा संपवितो. दोघेही एकमेकांचा मान राखीत असतात आणि दोघेही मनातून घाबरलेले असतात! निघताना आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. त्याचा शब्दशः अर्थ कोणी सांगितला, तर परका मनुष्य पुन्हा दाराकडे पाहत बसेल. वय आणि पगार विचारणे ही आपल्याकडे आपुलकीची खूण. अन्यत्र तीच गोष्ट आगंतुकपणाची. येथे कोणाची चाल श्रेष्ठ, हा प्रश्नच गैरलागू आहे. चालीमागचा हेतू दोन्हीकडे बहुधा एकच असतो, त्याचा पोशाख तेवढा निराळा. म्हणून असे काही विचित्र दिसले की ‘हे असे का?’ म्हणण्याऐवजी ‘तुमच्याकडे अशा वेळी काय करतात?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नात उलटतपासणी असते, दुसऱ्यात निमंत्रण असते.

परंतु प्रश्नाची पद्धत एवढ्यानेच भागत नाही. संभाषण कशासाठी करावयाचे, हे आधी ठरले पाहिजे. या बाबतीत आपल्या इतिहासातील दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. इ. स. १८५७ च्या आरंभी मुंबईस गिरगावच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यामध्ये आठवड्यास एकदा जाहीर वादसभा भरत असे. भोवती श्रोत्यांची दाटी होई. जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने त्या वादाचे वृत्त इंग्रजीत छापलेही आहे. दोन्ही पक्ष बुद्धिमान होते, आपापल्या श्रद्धेशी प्रामाणिक होते. तथापि सभोवार जमलेला समुदाय जयपराजयाची वाट पाहत उभा असला म्हणजे ‘तुमचे म्हणणे मला पटले’ हे वाक्य उच्चारणे मनुष्यास जवळजवळ अशक्य होते. त्या वादांनी आपल्या लोकांस आत्मविश्वास दिला, हे त्यांचे कार्य लहान नव्हे. परंतु प्रतिपक्षास समजून घेण्याचे ते साधन नव्हते.

दुसरे उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे. गोपाळराव जोशी यांनी पत्नीच्या शिक्षणासंबंधी लिहिलेले पत्र अमेरिकेतील एका मिशनरी नियतकालिकात छापले गेले. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर या बाईंच्या दृष्टीस ते १८८० साली पडले. त्यांनी अनोळखी मुलीस आपण होऊन पत्र पाठविले. आनंदीबाईंचे वय तेव्हा अवघे पंधरा वर्षांचे. पुढे तीन वर्षे पत्रे जात येत राहिली. धर्म, घरातील रीती, स्त्रियांची स्थिती, सर्व विषय त्यांत आले. एक हिंदू, एक ख्रिस्ती. एकीने दुसरीस पाहिलेलेही नव्हते. तरी आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. १८८३ च्या जूनमध्ये त्या न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या त्या या मावशीच्याच आधाराने, आणि १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वी, पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा अमेरिकेस पाठविण्यात आली आणि पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत ती ठेवलेली आहे. दोघींपैकी कोणीही आपला धर्म सोडला नाही आणि नातेही सोडले नाही. समुद्रकिनाऱ्यावरील वादात प्रत्येक जण उत्तर देण्यासाठी ऐकत होता. या पत्रांत दोघी पुढचा प्रश्न विचारण्यासाठी वाचत होत्या. माझ्या मते सारा फरक एवढ्यातच आहे.

आता विनोदाकडे वळू. परदेशी मनुष्यास आपला विनोद कळत नाही, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. ती अर्धीच खरी आहे. शब्दनिष्ठ विनोद, ज्यास आपण कोटी म्हणतो, तो सहसा सीमा ओलांडीत नाही. ‘कर भरता भरता कर दुखले’ असे आपण म्हटले, तर पहिला कर सरकारचा आणि दुसरा हाताचा, हे समजावून सांगेपर्यंत हसू मावळून जाते. ज्यास एखादी गावातील वल्ली, एखादे नाटक वा पुढारी ठाऊक असावा लागतो, त्या विनोदाचीही हीच गत. परंतु मनुष्यस्वभावावर आधारलेला विनोद मात्र उत्तम प्रवासी असतो. देवलांचे ‘संगीत संशयकल्लोळ’ पाहून तीन पिढ्या पोट धरून हसल्या. त्या नाटकाचे मूळ फ्रेंच नाटककार मोलिएर याने १६६० साली लिहिलेल्या एका प्रहसनात आहे. त्यावरून आर्थर मर्फी याने १७६१ साली इंग्रजी नाटक रचले, आणि त्या आधारे देवलांनी आधी ‘फाल्गुनराव’ व पुढे त्याचे संगीत रूप लिहिले; ते १९१६ साली रंगभूमीवर आले. पॅरिसचा संशयी नवरा लंडनमार्गे आमच्याकडे येऊन पगडी घालून बसला आणि तो परका आहे असे कोणासही वाटले नाही! आचार्य अत्र्यांची ‘मोरूची मावशी’ ही अशीच एका इंग्रजी प्रहसनातून आलेली. संशय, फजिती, कंजूषपणा, बढाई, ही कोणत्याही एका देशाची मिरासदारी नव्हे.

‘ती फुलराणी’ या नाटकाचा धडा याहून सूक्ष्म आहे. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’मध्ये हशा पिकतो तो लंडनच्या गरीब वस्तीतील इंग्रजी उच्चारांवर. त्या उच्चारांचे भाषांतर होणे अशक्य. पु. ल. देशपांडे यांनी ते केलेही नाही. त्यांनी मराठीतच शिष्ट आणि अशिष्ट बोलींमधली दरी शोधून तीवर नाटक उभे केले. यावरून व्यवहारासाठी एक नियम काढता येतो. परक्यापुढे आपला विनोद भाषांतरित करू नये. त्या विनोदाचा प्रसंग सांगावा. आणि पहिला विनोद नेहमी स्वतःवर करावा. स्वतःच्या फजितीस हसणाऱ्या मनुष्याविषयी कोणत्याही देशात विश्वास वाटतो. दुसऱ्याच्या देशास प्रथम भेटीत हसणाऱ्याविषयी तो कोठेच वाटत नाही.

राहता राहिले राजकारण. येथे मी माझी स्वतःचीच फजिती सांगतो, म्हणजे वरील नियमाचेही पालन होईल.

दोन पावसाळ्यांपूर्वी माझ्या पुतण्याबरोबर एक जर्मन गृहस्थ वसईचा किल्ला पाहून सायंकाळी आमच्या घरी आले. माझा एक जुना विद्यार्थी, वारली समाजातला, सहज भेटीस आला होता. तोही ओटीवर बसला. पुतण्या मधे दुभाषाचे काम करीत होता. किल्ल्याचा विषय निघाला, तेव्हा मी १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून तो कसा जिंकून घेतला, तेथील घंटा आज भीमाशंकरासारख्या देवळांत कशा वाजतात, हे उत्साहाने सांगितले. पाहुण्यांनी शांतपणे ऐकले. मग ते म्हणाले की, शाळेत असताना आम्हाला हिटलरच्या राजवटीतील एक छळछावणी दाखविण्यास नेले होते. आणि माझे आजोबा त्या वेळी सैन्यात होते. हे सांगताना त्यांनी आवाज चढविला नाही की उतरविला नाही. नंतर त्यांनी मला विचारले, “आपण इतकी वर्षे शिक्षक होता. आपल्या गावात जातीमुळे कोणी कोठे बसावे, कोणी कोठले पाणी भरावे, असे काही होते काय?”

श्रोते हो, माझे कान तापले. मी म्हणालो, “या फार जुन्या गोष्टी झाल्या. आमचे गाव म्हणजे एक कुटुंब आहे.” एवढ्यावर न थांबता मी इंग्रजांचा मिठावरचा कर काढला, १९४३ सालचा बंगालचा दुष्काळ काढला. इंग्रजांच्या पापांचा हिशेब मी एका जर्मन मनुष्यापुढे मांडीत होतो, हेदेखील माझ्या ध्यानात आले नाही! पाहुणे गप्प राहिले, आभार मानून गेले. मला वाटले, मी जिंकलो. तोच पायांत वहाणा सरकविता सरकविता माझा विद्यार्थी म्हणाला, “गुरुजी, तुम्ही सांगितलेत ते तुमच्या आळीपुरते खरे. पण मी इथेच बसलो होतो. मला विचारले असतेत तर?”

त्याला मी ओटीवर बसविले होते. संभाषणात बसविले नव्हते. माझ्या बालपणी लग्नकार्यात शेतावर राबणाऱ्या वारल्यांची पंगत अंगणाबाहेर, सर्वांच्या शेवटी बसत असे. ते मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. मग परक्यापुढेच ते खोटे का ठरविले? कारण मला वाटले की, घरची उणीव बाहेर सांगितली तर देशाचा मान जातो.

ही समजूत किती पोकळ आहे, हे आपल्याच थोर माणसांनी दाखवून दिलेले आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतील सदाचारी लोकांस, त्यांनी निग्रोंना दास्यमुक्त केल्याबद्दल, अर्पण केली. परदेशाच्या राजकारणात त्यांनी आपल्या घरच्या प्रश्नाचे उत्तर शोधले. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली अमेरिकेचे प्रवासवृत्त मराठीत लिहिले. त्यात तेथील स्वातंत्र्याची आणि स्त्रीशिक्षणाची मुक्त प्रशंसा आहे, तशीच काळ्या लोकांस मिळणाऱ्या वागणुकीबद्दल स्पष्ट नापसंतीही आहे. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विद्वान पुढारी डु बॉइस यांस पत्र लिहून, त्यांचे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रसंघापुढे कसे मांडले जात आहे याची चौकशी केली. या तिघांनीही स्वदेशाचे दोष परक्यांपासून लपविले नाहीत आणि परक्यांचे गुण पाहताना डोळेही दिपू दिले नाहीत. त्यांच्या देशाभिमानास कोण नाव ठेवील?

मी त्या जर्मन गृहस्थांस माझ्या शाळकरी इंग्रजीत पत्र लिहिले. पंगतीची हकिगत लिहिली. खाली माझ्या विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने आपल्या पाड्याच्या पाण्याविषयी चार ओळी लिहिल्या. उत्तर आले. त्यात स्तुती नव्हती, निंदा नव्हती; पुढचा प्रश्न होता, आणि तो मला नसून त्याला होता.

आपल्या मराठीत एक सोय आहे, ती इंग्रजीत नाही. इंग्रजीत ‘वुई’ हा एकच शब्द. आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. परदेशी पाहुण्यापुढे ‘आम्ही’ म्हणण्यापूर्वी त्या ‘आम्ही’त कोण कोण आहेत, हे मोजून पाहावे. वसईचा किल्ला १५३४ पासून दोनशेहून अधिक वर्षे पोर्तुगीजांकडे होता. त्याच्या विजयाची कथा आमची, आणि त्यातील पडक्या चर्चमध्ये ज्यांचे पूर्वज प्रार्थना करीत ते मराठी बोलणारे आमचे ख्रिस्ती शेजारीही आमचेच. बटाटा, पाव, काजू, चावी हे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द तर आता प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहेत. सर्वांना मोजून मग बोललो, म्हणजे वाक्य थोडे लांबते, अभिमानाचा आवाज थोडा खाली येतो. पण ते वाक्य मागे घ्यावे लागत नाही.

पुढच्या वेळी पाहुणे येतील तेव्हा मी आधी पाड्यावर निरोप धाडणार आहे.