मुंबई की दापोली? लेकीच्या कॉलेजचा निर्णय निकालानंतर नको, आधी घ्या



गेल्या वर्षी जूनमध्ये बदलापूरच्या पुढच्या एका गावात गटाची मासिक बैठक होती. बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले, आणि उठता उठता एक ताई म्हणाल्या, "मॅडम, पोरीला बारावी सायन्सला चांगले मार्क पडलेत. तिला दापोलीला शेतीचं शिकायचंय. फॉर्म कुठं भरायचा?"

मी विचारलं, "सीईटी दिली का?"

ताईंनी मुलीकडे बघितलं. मुलीने मान खाली घातली. सीईटीचा फॉर्म भरलाच नव्हता. घरात कुणाला माहीत नव्हतं, कॉलेजात कुणी नीट सांगितलं नाही, आणि मी त्या गटाच्या बैठकीला दर महिन्याला जात असूनही कधी विचारलं नव्हतं. ती माझी चूक. मुलगी आता उल्हासनगरच्या कॉलेजात केमिस्ट्री घेऊन बीएस्सी करते आहे, आणि मन लावून करते आहे. पण तिने ते निवडलं नाही. एक दार आधीच बंद झालं होतं म्हणून ती दुसऱ्यातून आत गेली.

तुमच्या घरात असं होऊ नये म्हणून हा लेख. ज्यांची लेक आता दहावी, अकरावी किंवा बारावीला आहे त्यांनी नक्की वाचा, आणि तिलाही वाचायला द्या.

दोन्ही विद्यापीठं आपलीच

आपल्याला वाटतं मुंबई विद्यापीठ म्हणजे मुंबईवाल्यांचं आणि दापोली म्हणजे कोकणातल्या लोकांचं. तसं नाही. अंबरनाथ तालुका ठाणे जिल्ह्यात येतो, आणि ठाणे जिल्हा या दोन्ही विद्यापीठांच्या कार्यक्षेत्रात आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली सुरू झालं. फोर्टमधला राजाबाई टॉवर त्याचाच. मोठं आवार सांताक्रूझ पूर्वेला कलिन्यात आहे. कला, वाणिज्य, विज्ञान, कायदा असं सगळं तिथं चालतं.

डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीला सुरू झालं. महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठं आहेत: राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. कोकणासाठी दापोलीचं. तुम्ही शेतात कर्जत-३ किंवा कर्जत-७ भात लावत असाल, तर ते बियाणं कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून आलेलं आहे. ते केंद्र याच विद्यापीठाचं. म्हणजे दापोली तुमच्या खाचरापर्यंत कधीच पोचलेली आहे. तुमची लेक तिथं पोचायची बाकी आहे, एवढंच.

दोन्ही सरकारी कायद्याने चालणारी सार्वजनिक विद्यापीठं आहेत. त्यामुळे "कुठलं मोठं?" हा प्रश्न सोडून द्या. आपल्या लेकीला कुठलं जमेल आणि पुढे कामाला येईल, ते बघू.

"मुंबई विद्यापीठ" म्हणजे रोज मुंबई नव्हे

बऱ्याच ताई घाबरतात, "पोरगी रोज गर्दीत मुंबईला जाणार?" बारावीनंतरच्या पदवीसाठी तशी गरज नसते. मुंबई विद्यापीठाशी जोडलेली कॉलेजं आपल्या जवळच आहेत. उल्हासनगरला सीएचएम आहे, तलरेजा आहे, कल्याणला बिर्ला कॉलेज आहे. मुलगी शिकते इथं, आणि पदवीवर नाव येतं मुंबई विद्यापीठाचं. काही कॉलेजं स्वायत्त असतात, म्हणजे परीक्षा ती स्वतः घेतात. पदवी मात्र विद्यापीठाचीच मिळते.

कलिन्याला जायची वेळ बहुतेक एमए, एमएस्सीला येते. तेव्हा बदलापूरहून लोकलने कुर्ला, तिथून बस किंवा रिक्षा. गावातून निघणाऱ्या मुलीचे जाऊन-येऊन चार तास धरा. पण ते तीन वर्षांनंतरचं.

जवळच्या कॉलेजचे फायदे सरळ आहेत. राहायचा-जेवायचा वेगळा खर्च नाही. कॉलेजकडून सवलतीचा फॉर्म घेतला की लोकलचा पास स्वस्तात पडतो. कला शाखेतले बरेच विषय मराठीतून लिहिता येतात. प्रवेश साधारण बारावीच्या मार्कांवर होतो. त्यासाठी आधी विद्यापीठाच्या वेबसाइटवर नावनोंदणी आणि मग कॉलेजचा फॉर्म, असे दोन टप्पे असतात. नुसता कॉलेजचा फॉर्म भरून थांबू नका. बीएमएस, बीबीए, बीसीए अशा काही अभ्यासक्रमांना आता सीईटी लागते, तेही विचारून घ्या.

आपल्या भागात अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत केमिकल आणि औषधांच्या कंपन्या आहेत. केमिस्ट्री शिकलेल्या मुलीला तिथल्या लॅबमध्ये काम मिळू शकतं. हे घराजवळचं काम आहे, त्याला कमी लेखू नका.

आता तोटा. तो खर्चाच्या वहीत दिसत नाही. मुलगी घरी राहिली की घरातलं काम तिच्याच अंगावर येतं. पाणी भरणं, धाकट्यांचं बघणं, आजीचं औषध, लावणीच्या दिवसांत शेत. कॉलेजात नाव आहे, पण मुलगी आठवड्यातून तीनच दिवस जाते, अशा मुली मला गावोगाव भेटतात. मग "पोरगी तशी घरीच असते" म्हणून स्थळं यायला लागतात. कॉलेज जवळ आहे म्हणून शिक्षण सोपं होतं असं नाही. घरातल्यांनी तिला अभ्यासाचा वेळ दिला तरच ते सोपं होतं.

दापोली म्हणजे काय?

कृषी पदवी चार वर्षांची असते. शेती, उद्यानविद्या, वनशास्त्र, कृषी अभियांत्रिकी असे वेगवेगळे अभ्यासक्रम आहेत. मत्स्यशास्त्राचं कॉलेज रत्नागिरीजवळ शिरगावला आहे. शिकवणं इंग्रजीतून असतं. वर्गाइतकंच काम शेतात, रोपवाटिकेत आणि प्रयोगशाळेत होतं. वसतिगृहात राहावं लागतं.

चौथ्या वर्षी या मुली गावात राहायला येतात आणि शेतकऱ्यांबरोबर काम करतात. तुमच्यापैकी काही जणींनी त्यांना बघितलं असेल. टोपी घालून, चार्ट घेऊन बीजप्रक्रिया दाखवणाऱ्या त्या "कृषिकन्या". ती मुलगी तुमचीही असू शकते.

पुढे काय? कृषी खात्यातल्या नोकऱ्या, एमपीएससीची कृषी सेवा, बँकांमधल्या कृषी अधिकाऱ्याच्या जागा, बियाणं आणि रोपवाटिकेच्या कंपन्या. स्वतःचं कृषी सेवा केंद्र काढायचं तर खतं-औषधं विकण्याच्या परवान्याला ही पदवी चालते. आपल्या गटांना भाजीपाला, रोपवाटिका, गांडूळखत यासाठी माहितगार माणूस लागतो. तो दरवेळी बाहेरूनच का यावा?

पण नोकरी हातात ठेवलेली नाही. परीक्षा द्याव्या लागतात, थांबावं लागतं. आणि ज्या मुलीला चिखलात उतरायचंच नाही, तिला बापाची जमीन आहे म्हणून तिकडे पाठवू नका.

लांब आहे, हेही खरं. लोकलने दिव्याला जाऊन कोकणची गाडी पकडली तर उतरायचं खेडला, आणि तिथून पुन्हा रस्त्याने दापोली. नाहीतर पनवेलमार्गे एसटी. पूर्ण दिवस गेला असंच धरून चाला. मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मुलीचं येणं आणि तुमचं भेटायला जाणं दोन्ही परवडेल.

खरी अडचण तारखांची

दापोलीचा प्रवेश फक्त बारावीच्या मार्कांवर होत नाही. त्याला एमएचटी-सीईटी लागते, आणि तिचा फॉर्म बोर्डाच्या परीक्षेच्या आधीच भरायचा असतो. निकाल लागल्यावर ठरवू म्हणणाऱ्यांसाठी ते दार बंद झालेलं असतं. त्याच्याही आधीची पायरी म्हणजे अकरावी. विज्ञान शाखा घेतली नसेल तर कृषी पदवीला जाता येत नाही. म्हणजे मुंबई की दापोली, हा निर्णय खरं तर दहावीच्या निकालानंतरच सुरू होतो.

सीईटी दिली म्हणजे दापोलीला जायलाच हवं असं नाही. ती दिली की दोन्ही दारं उघडी राहतात, म्हणून फॉर्म भराच.

आणखी एक गोष्ट. कृषीचा प्रवेश राज्यभराचा एकत्र असतो. मुलगी पसंतीक्रम भरते आणि गुणानुसार कॉलेज मिळतं. दापोली वर लिहिली नाही तर अकोला किंवा परभणी लागू शकते. यादीत विद्यापीठाची स्वतःची कॉलेजं असतात आणि त्याला जोडलेली खासगी कॉलेजंही असतात. दोघांच्या फीमध्ये फरक पडतो. पसंतीक्रम सायबर कॅफेवाल्याच्या हातात देऊ नका. मुलीने स्वतः बसून, प्रत्येक कॉलेजची फी बघून भरावा. शेतकरी कुटुंब असेल तर त्या वर्षीच्या प्रवेशपुस्तिकेत सातबाऱ्याबद्दल काय लिहिलंय तेही वाचा.

कृषीच्या याद्या बहुतेक वेळा उशिरा लागतात. तोपर्यंत जवळच्या कॉलेजात प्रवेश घेऊन ठेवला तर चालतो. नंतर तो रद्द करताना कॉलेजने मूळ कागदपत्रं अडवून ठेवू नयेत असा युजीसीचा नियम आहे. पावत्या जपून ठेवा.

पैशाचं गणित गटाच्या वहीसारखं मांडा

एका पानावर दोन रकाने काढा. एकीकडे जवळचं कॉलेज, दुसरीकडे दापोली. खाली लिहा: फी, परीक्षा फी, प्रवास, राहणं, जेवण, पुस्तकं-प्रॅक्टिकल, मोबाइल-इंटरनेट. एका वर्षाचं नको, पूर्ण पदवीचं लिहा. मग त्यातून सवलती वजा करा.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून जाणाऱ्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या, वर्षाला ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी हे आहे. पण राहणं-जेवण त्यात धरलेलं नाही. त्यासाठी वेगळ्या योजना आहेत. अनुसूचित जातीच्या मुलींसाठी स्वाधार, आदिवासी मुलींसाठी स्वयं, आणि शेतकरी-मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरतात. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या आहेत, त्या वाचूनच हिशोबात धरा.

योजनेचे पैसे उशिरा येतात. पहिले काही महिने घरूनच चालवावे लागतात. त्यासाठी गटाचं अंतर्गत कर्ज घ्या, कमी रकमेचं आणि हप्ते ठरवून. फीसाठी आठवड्याच्या हप्त्याच्या कंपनीकडे जाऊ नका. आपण त्यातून किती घरं अडकलेली बघितली आहेत.

कागदपत्रं आताच गोळा करा: जातीचा दाखला, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेयर, सातबारा, आणि आधारला जोडलेलं मुलीच्या नावचं बँक खातं. जात वैधतेला महिने लागतात. अकरावीतच अर्ज टाका.

"पोरगी एवढ्या लांब?"

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो, आणि तो खोटा नाही. काळजी वाटणारच. पण काळजी आहे म्हणून थेट नाही म्हणण्याआधी एकदा जाऊन या. मुलीला घेऊन वसतिगृह बघा. संध्याकाळी दार किती वाजता बंद होतं, जेवण कसं आहे, आजारी पडली तर दवाखाना कुठे, वॉर्डन कोण, हे विचारा. तिथल्या दोन मुलींशी बोला. रॅगिंगची तक्रार करायला १८००-१८०-५५२२ हा देशभराचा मोफत नंबर आहे, तो मुलीच्या मोबाइलमध्ये टाकून द्या.

दापोलीचं ऐकून मान हलवणाऱ्यांना एक सांगा. त्याच तालुक्यातल्या मुरूड गावचे धोंडो केशव कर्वे. त्यांनी १९१६ साली बायकांसाठी विद्यापीठ काढलं, तेव्हा लोकांनी याच्यापेक्षा जास्त माना हलवल्या होत्या. ते आजचं मुंबईचं एसएनडीटी.

पुढच्या बैठकीत हे करा

बचत लिहून झाली की दहा मिनिटं काढा. गटात कुणाची मुलगी नववी ते बारावीत आहे, त्यांची नावं वहीत लिहा. प्रत्येकीपुढे तीन गोष्टी टाका: शाखा कोणती, सीईटीचा फॉर्म भरला का, कोणता दाखला बाकी आहे. दर बैठकीत तेवढंच पान उघडून बघा. कर्जाची थकबाकी आपण विसरत नाही, तशी ही यादीही विसरायची नाही.

आणि सगळ्यात आधी मुलीला विचारा, "तुला काय करावंसं वाटतं?" ती केमिस्ट्री म्हणाली तर उल्हासनगर चांगलं. शेती म्हणाली तर दापोली चांगली. ती गप्प बसली तर थोडं थांबा, पुन्हा विचारा. त्या दिवशी बैठकीत मान खाली घातलेल्या मुलीला कुणी वर्षभर आधी हा प्रश्न विचारला असता, तर तिने स्वतः निवडलं असतं.

तुमची, क्षेत्र समन्वयक