अब्बांच्या भेटीला: लेकराचा पहिला विमानप्रवास

कोकणातल्या मुस्लिम घरांना आखाती देश परके नाहीत. चिपळूण, खेड, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन, कुठल्याही मोहल्ल्यात जा, कुणाचा मुलगा मस्कतला तर कुणाचा जावई कुवेतला. पूर्वी कमावता माणूस सुट्टी मिळेल तेव्हा गावी यायचा आणि घरचे वाट बघायचे. आता सुट्टी लांबली की व्हिजिट व्हिसा काढून बायकामुलेच तिकडे जातात. सोबत मांडीवरचे लेकरू असते, आणि घरात काळजी सुरू होते ती त्याचीच.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे, आमची सून आणि सतरा महिन्यांचा नातू असे मस्कतला जाऊन आलो. मुलगा अकीक्यासाठी पंधरा दिवस गावी आला होता. त्यानंतर बाप-लेकाची भेट फक्त फोनवर. या प्रवासात जे कळले, ते आमच्यासारख्या इतर घरांना उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहोत.

आधी कागद

लेकरू कितीही लहान असो, त्याचा स्वतःचा पासपोर्ट लागतोच. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. दाखल्यावर बाळाचे नाव चढवायचे राहिले असेल, तर ते काम आधी करावे. आपल्या घरांत खरी अडचण येते ती नावांच्या स्पेलिंगची. ‘मोहम्मद’ एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर तोडलेला. आईचे नाव कुठे माहेरचे, कुठे सासरचे. आईवडिलांचे पासपोर्ट आणि बाळाचा दाखला शेजारी ठेवून अक्षर न अक्षर जुळवून पाहावे. वडील परदेशात असतील तर त्यांची संमती कशी द्यायची, हे अर्ज भरण्याआधी विचारून घ्यावे. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो, हेही ध्यानात असू द्यावे.

तिकिटाचे गणित वयावर असते. दोन वर्षांखालचे मूल मोठ्यांच्या मांडीवर बसते आणि त्याचे भाडे बरेच कमी असते. दोन वर्षे पूर्ण झाली की स्वतंत्र सीट घ्यावी लागते. जाताना तेवीस महिन्यांचे असलेले मूल परतताना दोन वर्षांचे झाले, तर परतीचे तिकीट सीटसकट काढावे लागते. तारखा ठरवताना हे पाहावे.

हातातली पिशवी

मुंबईहून मस्कत जेमतेम अडीच-तीन तासांवर. आमच्या गावाहून मुंबई मात्र महामार्गाने त्याच्या दुप्पट लांब पडते, आणि विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचे. म्हणजे लेकरू विमानात बसण्याआधीच थकते. शक्य असेल तर आदल्या रात्री मुंब्र्याला, कुर्ल्याला नातेवाइकांकडे मुक्काम करावा.

पिशवी घरापासून घरापर्यंतच्या हिशेबाने भरावी. पुरेसे डायपर, बाळाचे दोन जोड, आईसाठी एक जादा कुर्ता, ओल्या कपड्यांसाठी प्लास्टिकची पिशवी. खायला केळे, मऊ भात, घावन, बिया काढून बारीक केलेला खजूर. शेंगदाणे, अख्खे द्राक्ष, पॉपकॉर्न नको, घशात अडकतात. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या सामानात १०० मिलीची मर्यादा असली, तरी बाळाचे दूध आणि खाणे गरजेपुरते नेता येते; तपासणीला ते वेगळे काढून दाखवावे. विमानातले मुस्लिम जेवण तिकीट काढतानाच नोंदवावे. शेजारच्या प्रवाशाने प्रेमाने दिलेल्या जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन असू शकते. ते कशाचे आहे हे कळत नसेल तर हसून नाही म्हणावे.

सुरक्षा तपासणीत बायकांची तपासणी महिला कर्मचारीच करतात, पडद्याआड. नकाब असेल तर तिथे चेहरा दाखवावा लागतो. आमच्या सुनेला याचीच धास्ती होती. काम दोन मिनिटांत झाले.

कान का दुखतात?

विमान उतरू लागले की आतल्या हवेचा दाब वाढत जातो. कान आणि घसा यांना जोडणारी बारीक नळी उघडली की दोन्हीकडचा दाब सारखा होतो. लहान मुलांची नळी अरुंद असते आणि ती सहज उघडत नाही, म्हणून ती रडतात. गिळताना ती उघडते. यासाठी विमान उतरायला लागले, साधारण शेवटचा अर्धा तास राहिला, की मूल झोपले असले तरी जागे करून अंगावर पाजावे किंवा बाटली द्यावी. खिडकीकडची सीट आणि मोठी ओढणी असली की आईला संकोच राहत नाही. बाळाला सर्दी किंवा कानाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.

‘थोडे जायफळ उगाळून दे, झोपून जाईल,’ असे आमच्याकडेही सुचवले गेले. तसे करू नये. झोप यावी म्हणून खोकल्याचे औषध पाजणेही धोक्याचे आहे.

नमाज आणि सफर

वाहन आपल्या ताब्यात देणाऱ्या अल्लाहची स्तुती करणारी सफरची दुआ सूरह जुखरुफमधली आहे. ती बाळाच्या कानी पडेल अशी म्हणावी. प्रवासात चार रकातींच्या फर्ज नमाजा दोन होतात. कोकणात बहुतेक शाफई, त्यांना जुहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र करण्याचीही सवलत आहे. हनफी घरांनी आपल्या आलिमांना विचारावे. लेकरू रडते म्हणून नमाजीने अवघडून जाऊ नये. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी नात उमामा (रजि.) यांना खांद्यावर घेऊन नमाज अदा केली आहे, आणि मूल रडल्याचे ऐकून नमाज आटोपती घेतली आहे.

भेट

आणि आता ती गोष्ट, जी कुणी आधी सांगत नाही.

मस्कतच्या विमानतळावर मुलाने दोन्ही हात पुढे केले आणि नातवाने आईच्या खांद्यात तोंड लपवले. मुलाने पुन्हा हाक मारली, तसा तो मोठ्याने रडू लागला. मुलाचा चेहरा उतरला. गाडीत तो एवढेच म्हणाला, ‘मी याच्यासाठीच इथं राबतोय ना?’

या वयात अनोळखी माणसाची भीती वाटणे स्वाभाविक आहे. फोनवरचे अब्बा हातभर चौकटीतले असतात. त्यांना वास नसतो, उंची नसते. समोर आलेला मोठा माणूस तोच, हे लेकराला उमगायला वेळ लागतो. बापाने ते आपले नापास होणे समजू नये.

आम्ही ठरवले की कुणी त्याला ‘अब्बांकडे जा’ म्हणून ढकलायचे नाही. मुलगा जमिनीवर बसू लागला, बोलावत नसे, फक्त फोनवर म्हणायचा तेच गाणे गुणगुणायचा. जेवणाची वाटी सुनेने त्याच्या हाती दिली. तिसऱ्या दिवशी नातू स्वतः चालत आला आणि त्याने बापाची दाढी ओढून पाहिली.

जमलेल्या नातेवाइकांनाही हेच सांगणे आहे. प्रेम खरे असते, पण दारातच बाळ हिसकावून पापे घेऊ नयेत. आधी आईला सलाम करा, पाणी द्या. बाळ तुमच्याकडे बघत असते. ओमानची वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. गावी सातला उठणारे मूल तिथे साडेपाचला उठते. पहिले दोन-तीन दिवस त्याच्या झोपेच्या वेळी पाहुणे बोलावू नयेत.

परतताना

परतीच्या दिवशी मूल झोपेत असताना गुपचूप निघणे सोपे वाटते. पण जागे झाल्यावर ते शोधत राहते. अब्बांनी कुशीत घ्यावे, सलाम करावा, ‘मी फोन करीन’ असे सांगावे. मूल रडेल, रडू द्यावे. अब्बांचा एखादा वापरलेला रुमाल सोबत द्यावा. आमचा नातू तो अजून उशीखाली घेतो.

सिलारहमी म्हणजे नात्यागोत्यांचा जिव्हाळा जोडून ठेवणे हे आपल्या दीनमध्ये मोठे काम आहे. परदेशी राबणाऱ्या बापाच्या वाट्याला तो यावा यासाठी तिकिटाचे पैसे खर्च झाले, तर ते वाया गेले असे समजू नये. अल्लाह सर्व प्रवाशांना सुखरूप आपल्या माणसांपर्यंत पोहोचवो. आमीन.