पंजाचा कौल

हसनाबादेत घर बांधायला काढलं की गवंडी आधी काळी माती किती खोल आहे ते बघतो. ती सगळी उकरायची, मुरूम लागेपर्यंत खाली जायचं आणि मग पाया घालायचा, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावर उभ्या केलेल्या भिंतींना तडे देते. हा गुण तिच्यातल्या स्मेक्टाइट गटाच्या खनिजांचा. त्यांची घडण पातळ थरांची असते. थरांच्या मधे पाणी शिरलं की ते एकमेकांपासून दूर सरकतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्ह्याचा खडक झिजून ही जमीन तयार झाली. शहरातल्या दुकानांत मांजराच्या संडासासाठी 'कॅट लिटर' म्हणून पिशवीत भरून जी राखाडी माती मिळते, ती बेंटोनाइट. तिच्यातलं मुख्य खनिज याच गटातलं. आपल्या देशात ती कच्छमधून आणि राजस्थानातल्या बाडमेरकडून येते.

मग शिवारात ढीगभर असलेली माती सोडून पिशवी कशाला आणायची? आमच्या घरी भाटी ही मांजर आली तेव्हा हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहिला. मोटारसायकलखाली तिचा मागचा पाय सापडला होता. जनावरांच्या डॉक्टरांनी पाय बांधून दिला आणि आता हिला बाहेर सोडू नका म्हणाले. जखम भरली, पण पाय अधू राहिला. दारापुढचा रस्ता वाहता, गल्लीत कुत्र्यांची टोळी. ती घरातच राहणार हे ठरलं. गावातली मांजरं उकिरड्यावर नाहीतर कुणाच्या तरी वाळूच्या ढिगात जातात, उकरतात, झाकतात आणि निघून येतात. तोच ढीग आता हिच्यासाठी घरात करायचा होता. शेजारच्या मावशी बघायला आल्या, म्हणाल्या, "अवो, मांजराला बी घरात संडास केला का तुमी?" केला होता. त्यात काय भरायचं, एवढंच ठरायचं होतं.

काळी माती चाळून एका पसरट टबात घातली. भाटी आत उतरली, वास घेतला, पुढच्या पंजानं दोनदा ओढलं. कोरडी होती तोवर ठीक. एकदा ओली झाल्यावर माती बोटांच्या मधे धरली आणि फरशीवर काळी पावलं उमटली. पुढचा अर्धा तास ती पंजे चाटत बसली. गोळा काही झाला नाही, चिखल झाला. आपल्या मातीत फुगणारं खनिज आहे, पण त्यात गाळ आहे, चुनखडीचे बारीक खडे आहेत आणि थरांच्या मधे कॅल्शियम जास्त आहे. पटकन फुगून घट्ट गोळा धरणारं बेंटोनाइट सोडियमचं असतं. एकाच गटातल्या दोन मातींत एवढं अंतर पडतं.

गिरजा नदीची वाळू तिला मनापासून आवडली. खोल उकरायची, वळून बसायची, सावकाश झाकायची. झाकून झाल्यावर पुन्हा वास घेऊन खात्री करायची. मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या मुलखातली रानमांजरं. सैल आणि बारीक जमिनीत उकरणं त्यांच्या अंगात आहे. पण वाळू मूत्र शोषत नाही, ते खाली उतरून तळाशी साचतं. कमी पाण्यावर जगणाऱ्या त्या वंशाचं मूत्र मुळातच दाट. त्यातल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात आणि दोन दिवसांत खोली नाकाला झोंबते. वाळू धुऊन उन्हात वाळवायची म्हटलं तर बादल्या लागतात. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, तिथं मांजराची वाळू धुवायला पाणी घालवणं मला पटेना. पाण्याचा हा हिशेब शहरातल्या सल्ल्यांत कुठं येत नाही, आमच्याकडे तो पहिला येतो.

चुलीची राख म्हातारी माणसं हमखास सुचवतात. वास ती दाबते, हे खरं. पण ती नाकात उडते आणि क्षारयुक्त असल्यानं पंजे चाटणाऱ्या जनावराच्या तोंडात जाते. मी ती वापरली नाही. सुताराकडचा भुसा हलका, सगळ्या घरभर पसरतो. त्यात प्लायवूडचा चुरा असला तर डिंक आणि रसायनंही येतात.

मक्याचं मात्र सविस्तर सांगायला हवं. आमच्या भोकरदन तालुक्यात मका भरपूर, आणि मळणीनंतर दाणे काढलेल्या कणसांचे ढीग लागतात. बरेचसे चुलीत जातात. कणसाचा आतला भाग भुसभुशीत असतो, ओल चांगली शोषतो, आणि परदेशात त्याचं लिटर बनवून विकलंही जातं. जनावरांचा भरडा काढतात त्या यंत्रातून कणसं दळून घेतली, चाळली, जाड रव्याएवढा भाग ठेवला. भाटीनं तो स्वीकारला. वाळूइतक्या आनंदानं नाही, पण कुरबूर न करता. वजनाला हलका, धूळ कमी, वास वाळूपेक्षा कितीतरी उशिरा. अडचण पावसाळ्यात आली. कुठंतरी चिकटून राहिलेल्या दाण्यांना मुंग्या लागल्या आणि दमट हवेत पोत्याच्या तळाशी बुरशी धरली. मक्यावरच्या काही बुरशा अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करतात, म्हणून ते पोतं तसंच टाकून दिलं. कोरड्या महिन्यांत, कडक उन्हात वाळवून बंद डब्यात ठेवता येत असेल तर मक्याचा भरडा मी आजही सुचवीन. लहान पिल्लांसाठी तर नक्कीच. पिल्लं सगळं तोंडात घालतात आणि गोळा धरणारी माती पोटात फुगणं धोक्याचं. ती तीन-चार महिन्यांची होईपर्यंत बेंटोनाइट टाळलेलं बरं.

शेवटी शहरातून पिशवी मागवली. या धंद्याची सुरुवातही राख आणि वाळूपासूनच झालेली. १९४७ साली अमेरिकेच्या मिशिगन राज्यात एड लो या तरुणाकडे एक शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली. तिची वाळू थंडीनं गोठली होती आणि राख वापरली तर घरभर काळे पंजे उमटत होते. त्यानं तिला कारखान्यांत सांडलेलं तेल टिपायला वापरतात ती माती दिली. आपल्याकडची मुलतानी माती त्याच जातीची. गोळा धरणारं बेंटोनाइट बाजारात यायला मात्र १९८० चं दशक उजाडलं.

पहिली पिशवी सुगंधी निघाली. लॅव्हेंडरचा वास आम्हाला बरा वाटला, भाटी काठावर उभी राहिली, आत वाकली आणि परत फिरली. रात्री दाराजवळच्या पायपुसण्यावर ओल सापडली. सुगंध माणसाच्या नाकासाठी घालतात; मांजराचं नाक आपल्याहून फार तीक्ष्ण. बिनवासाची, बारीक दाण्यांची पिशवी आणली तेव्हा तिनं पहिल्याच वेळी खोल उकरलं. पीटर बोर्चेल्ट या अमेरिकी अभ्यासकानं १९९१ मध्ये हेच मांडलं होतं: पर्याय दिले तर बहुतेक मांजरं बारीक दाण्यांची माती निवडतात. आम्ही दोन टब शेजारी ठेवून बघितलं, तिचा कौल बदलला नाही. आणि एक झालं, पायपुसणं फिनाईलनं पुसायचं मी थांबवलं. फिनाईलमधले फिनॉल मांजराच्या यकृताला नीट निर्विष करता येत नाहीत, ते त्याला विषारी ठरतात. साधा साबण आणि ऊन पुरतं.

आता रोजचं काम असं. टब भाटीच्या लांबीच्या दीडपट, माती दोन-तीन इंच. सकाळी वेगळा ठेवलेला झारा घेऊन गोळे उचलायचे. कोरडी माती झाऱ्यातून खाली गळते. गेली तेवढीच भर घालायची. पाणी फक्त टब धुवायला, तेही अधूनमधून. गोळे उचलताना नजर ठेवावी लागते: किती झाले, केवढे झाले, रोजच्यापेक्षा लहान आणि पुष्कळ आहेत का. बोका पुनःपुन्हा टबात बसून कुंथत असेल आणि गोळाच होत नसेल, तर मूत्रमार्ग अडलेला असू शकतो आणि दवाखान्यात त्याच दिवशी न्यावं लागतं. वाळूत हे कळलंच नसतं.

धाकटी जाऊ गरोदर राहिली तेव्हा घरातून मांजर काढा असा आग्रह झाला. मी नाही म्हटलं ते माहितीच्या आधारावर. गर्भाला बाधू शकणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची लागण झालेल्या मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडणारे बीजकोष लगेच बाधक नसतात. त्यासाठी एक ते पाच दिवस जावे लागतात. म्हणून टब रोज साफ व्हायला हवा आणि तो गरोदर बाईनं करू नये. उंदीर न खाणारं, शिजवलेलं खाणारं घरातलं मांजर त्या मानानं कमी धोक्याचं. जावेनं झाऱ्याला हात लावला नाही, भाटी घरात राहिली.

उचललेले गोळे संडासात टाकायचे नाहीत, पाइपात फुगून बसतात. उकिरड्यावरही नाहीत. तिथलं खत पुढं मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात जातं, आणि ओल्या मातीत ते बीजकोष वर्षाहून जास्त टिकतात. विहीर आणि परसबाग दोन्हींपासून लांब, बांधाच्या पलीकडे एक खड्डा केला आहे. त्यात टाकायचं, वर माती लोटायची. पावसाळ्यात खड्ड्याभोवती वरंबा घालावा लागतो, आणि पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात ओतून ठेवावी लागते. उघडी राहिली तर बेंटोनाइट हवेतलीच ओल ओढून घेतं.