मज्जातंतूची इजा, वेदना आणि स्मरण : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

मज्जातंतूला इजा झाल्यानंतर मागे राहणाऱ्या वेदनेविषयी सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज असा, की जखम भरली म्हणजे दुखणे थांबलेच पाहिजे आणि ते थांबत नसेल, तर रुग्णाच्या मनानेच ते घेतलेले आहे. नागिणीच्या फोडांच्या खपल्या पडून कातडी पूर्ववत दिसू लागल्यावरही ज्याला बरगडीच्या पट्ट्यावर सदऱ्याचा नुसता स्पर्श सोसवत नाही, त्याला घरातली माणसेच नव्हे, तर कधीकधी वैद्यकीय व्यवसायातील मंडळीही हेच सुनावतात, आणि हा त्या रुग्णावर होणारा उघड अन्याय आहे. संवेदना वाहून नेणाऱ्या चेतासंस्थेलाच इजा किंवा आजार झाल्यामुळे उद्भवणारी वेदना ही आता वेदनेची स्वतंत्र जात मानली जाते, आणि विविध पाहण्यांचा अंदाज पाहता लोकसंख्येतील 7 ते 10 टक्के लोकांना ती जडलेली असते.

या वेदनेचे मूळ कातडीत उरलेले नसते. क्लिफर्ड वुल्फ यांनी 1983 मध्ये दाखवून दिले, की इजेनंतर मज्जारज्जूतील चेतापेशीच अतिसंवेदनशील होतात. पुढे त्यामागचे रेणूही हळूहळू ओळखू येऊ लागले. मज्जातंतू दुखावला की मज्जारज्जूतील मायक्रोग्लिया, म्हणजे चेतासंस्थेत पहारा देणाऱ्या संरक्षक पेशी, जाग्या होतात, त्यांच्या पृष्ठभागावर पी-2-एक्स-4 नावाचे ग्राही, म्हणजे रासायनिक संदेश पकडणारी प्रथिने, वाढतात आणि त्या पेशी बीडीएनएफ हे वाढघटक प्रथिन सोडू लागतात. त्याच्या प्रभावाने चेतापेशींतून क्लोराइड बाहेर काढणारे केसीसी-2 हे प्रथिन घटते, आत क्लोराइड साचते, आणि एरवी चेतापेशीला शांत करणारा गाबा हा संदेशवाहक रेणू आपले काम नीट करू शकत नाही. आवर घालणारी यंत्रणाच अशी दुबळी झाल्यामुळे कापडाचा स्पर्श वेदना म्हणून मेंदूपर्यंत पोहोचतो. यातही एक महत्त्वाची अट आहे : ही साखळी प्रामुख्याने नर उंदीर-घुशींवरील प्रयोगांतून उलगडली, आणि 2015 मध्ये असे आढळले, की मादी उंदरांत मायक्रोग्लियाऐवजी रोगप्रतिकारक टी-पेशी हे काम करतात.

दुसरा समज नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांविषयीचा आहे. डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन प्रोस्टाग्लॅंडिन या दाहकारक द्रव्यांची निर्मिती रोखतात, त्यामुळे मुरगळलेल्या घोट्याला त्यांचा गुण येतो. परंतु वर वर्णिलेल्या बिघाडाचा कणा प्रोस्टाग्लॅंडिन नसल्याने मज्जातंतूच्या वेदनेत त्या महिनोन्‌महिने घेऊन बहुधा मूत्रपिंड आणि जठर यांचेच नुकसान पदरी पडते. ‘नसांच्या ताकदीची’ म्हणून घेतल्या जाणाऱ्या बी-12च्या इंजेक्शनांचेही तसेच आहे : ज्यांच्या शरीरात त्या जीवनसत्त्वाची कमतरता आहे, आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ती होऊ शकते, त्यांना ती आवश्यकच असतात, कमतरता नसलेल्या रुग्णाची आग मात्र त्यांनी शमेल अशी खात्री देता येत नाही.

ज्या औषधांचा खरा उपयोग होतो, त्यांच्याविषयीही गैरसमज कमी नाहीत. गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन ही गाबाच्या रचनेवरून घडवलेली औषधे गाबाच्या ग्राहींवर काम करतच नाहीत; ती कॅल्शियम मार्गिकांच्या, म्हणजे कॅल्शियमचे आयन पेशीत घेणाऱ्या प्रथिनांच्या, अल्फा-2-डेल्टा या उपघटकाला चिकटतात, जो इजेनंतर संवेदी चेतापेशींत वाढलेला असतो. ॲमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन ही नैराश्यावरील औषधे चिठ्ठीवर दिसली, की रुग्णाला आपल्याला वेडा ठरवले असे वाटते, परंतु मेंदूकडून मज्जारज्जूकडे उतरणारे वेदनारोधक संदेश नॉरॲड्रेनॅलिनच्या साहाय्याने बळकट करणे हा त्यांचा येथील हेतू असतो. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार एका रुग्णाला ठळक आराम मिळण्यासाठी ॲमिट्रिप्टिलिनच्या गटातील औषधे सुमारे 4, तर प्रीगॅबालिन सुमारे 8 रुग्णांना द्यावे लागते. म्हणजेच एक औषध लागू पडले नाही, तर तो रुग्णाचा दोष नव्हे.

वेदनेची एकच कळ सापडली की प्रश्न सुटेल, ही आशा नॅव-1.7 या सोडियम मार्गिकेने विशेष जागवली. लाहोरच्या रस्त्यांवर हातातून सुरी आरपार घालून आणि निखाऱ्यांवर चालून खेळ दाखवणाऱ्या एका मुलामुळे संशोधकांचे लक्ष उत्तर पाकिस्तानातील काही कुटुंबांकडे वळले, आणि 2006 मध्ये त्यांच्यात या मार्गिकेचे जनुक निकामी असल्याचे सिद्ध झाले. तरीही तिला रोखणाऱ्या औषधांना चाचण्यांत अपेक्षित यश आले नाही. त्याचे एक संभाव्य कारण 2015 मध्ये पुढे आले : जन्मतःच मार्गिका नसलेल्यांत शरीराची स्वतःची ओपिऑइड द्रव्येही अधिक कार्यरत असतात, कारण त्यांना रोखणारे नॅलोक्झोन दिल्यावर अशा एका स्त्रीला वेदना जाणवू लागली. नॅव-1.7च्या जवळच्या नॅव-1.8 या मार्गिकेवरील सुझेट्रिजिन या औषधाला जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, पण ती तीव्र, अल्पकालीन वेदनेसाठी. मज्जातंतूच्या जुनाट वेदनेसाठी नव्हे.

शेवटचा समज स्मरणाविषयीचा आहे : मज्जातंतूच्या वेदनेच्या रुग्णांत दिसणारा विसरभोळेपणा आणि एकाग्रतेचा अभाव हे केवळ वय, झोपमोड किंवा औषधांची गुंगी यांवर ढकलले जातात. ही कारणे खोटी नाहीत. ॲमिट्रिप्टिलिन स्मरणास आवश्यक असलेल्या ॲसिटिलकोलिनला अडवते, हे वृद्धांच्या बाबतीत विसरून चालत नाही. मात्र औषधाचा थेंबही न घेतलेल्या प्राण्यांतही मज्जातंतूच्या इजेनंतर अल्पकालीन स्मृती खालावते. चिनी संशोधकांनी 2011 मध्ये दाखवले, की अशा वेळी स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये टीएनएफ-अल्फा हे दाहकारक प्रथिन वाढते आणि चेतापेशींमधील जोडण्या बळकट होण्याची प्रक्रिया मंदावते. त्या प्रथिनाचा एक ग्राही जनुकीय बदलाने काढून टाकलेल्या उंदरांत मात्र इजा होऊनही स्मृती टिकून राहिली. मज्जातंतूची वेदना आणि स्मृतिदोष यांची मुळे काही अंशी एकाच दाहप्रक्रियेत असू शकतात, असे यावरून दिसते, आणि म्हणून नव्या औषधांची पारख केवळ वेदनेच्या 0 ते 10 या मोजपट्टीवर न करता स्मृतीच्या चाचण्यांवरही करणे आवश्यक ठरते.