कॅपिटल एस, स्मॉल एस

नारायणगावजवळच्या एका पतसंस्थेचा डेटाबेस विंडोजवरून लिनक्सवर हलवला, त्या रात्री अडीच वाजता स्क्रीनवर संदेश आला: 'सभासद' नावाचं टेबल अस्तित्वात नाही. शेजारी बसलेले लेखनिक म्हणाले, "सर, टेबल तर समोर दिसतंय की!" दिसत होतंच. टेबलच्या रोमन नावातला पहिला एस कॅपिटल होता, प्रोग्रॅममध्ये तो स्मॉल लिहिलेला. मायएसक्यूएलमध्ये टेबलचं नाव डिस्कवरच्या फायलीच्या नावाशी बांधलेलं असतं. विंडोज हा लहानमोठा फरक मानत नाही, लिनक्स मानतं. त्या रात्रीपासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात: एसक्यूएलच्या प्रमाणानुसार अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेलं नाव कॅपिटल अक्षरांत धरायचं. ओरॅकल तसंच करतं, पोस्टग्रेस उलट सगळं स्मॉल करतं, आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये ते कोलेशनवर ठरतं.

खरा घात करतात ती दुहेरी अवतरणचिन्हं. त्यांच्यात घातलेलं नाव जसंच्या तसं राहतं. ओरॅकलमधून आणलेलं टेबल एखाद्या साधनाने अवतरणांसकट, कॅपिटलमध्येच पोस्टग्रेसला दिलं, की पुढे प्रत्येक क्वेरीत अवतरणं लिहावी लागतात. एका ठिकाणी विसरलात, तर पोस्टग्रेस नाव स्मॉल करून शोधतं आणि टेबल सापडत नाही. ओरा-टू-पीजी हे साधन म्हणूनच मुळात नावं स्मॉल करून देतं, आणि माझ्या मते ती सवय मोडू नये. स्थलांतराआधी सगळी नावं स्मॉल करून पाहावीत आणि कोणती दोन एकसारखी होतात ते तपासावं. मायएसक्यूएल ८.० मध्ये टेबलच्या नावांत लहानमोठा फरक मानायचा की नाही ही सेटिंग सर्व्हर पहिल्यांदा उभा करतानाच ठरते, नंतर बदलता येत नाही. आमच्या पतसंस्थेत आम्ही पहाटेपर्यंत एकेक टेबल स्मॉल नावाने बदलत बसलो.

हे सगळं नावांपुरतं, आतल्या माहितीला ते लागू नाही. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेनांना सी००, डब्ल्यू०६ अशी नावं आहेत. ती रकान्यातली माहिती म्हणून ठेवली तर त्यांचं कॅपिटल अक्षर कुठलाही डेटाबेस आपणहून स्मॉल करत नाही. तेच नाव रकान्याच्या शीर्षकाला दिलं, की पोस्टग्रेस त्याला हात लावतं.

नाणेघाटातला सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख मी तीनदा जाऊन पाहिला आहे. ब्राह्मीत कॅपिटल-स्मॉल हा भेदच नाही, तिच्यातून आलेल्या देवनागरीतही नाही. तिसऱ्या वेळी घरी आल्यावर मी पोस्टग्रेसमध्ये रकान्यांना मराठी नावं देऊन पाहिली. अवतरणं न लावताही ती चालली, आणि वाटेल तशी लिहिली तरी लहानमोठ्याचा प्रश्नच आला नाही. अडलं ते लांबीवर. तिथे नावाची मर्यादा ६३ बाइट, आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, हलन्त ३ बाइट खातं. 'दूधउत्पादकसभासदक्रमांक' या नावाचे होतात ६६. पोस्टग्रेसने सूचना देऊन शेवटचा 'क' कापला.

मग गावांची नावं मोजत बसलो. जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं, तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, तरी तालुक्याचं नाव आंबेगावच. 'जुन्नर'चे १८ बाइट, 'आंबेगाव'चे २१. आंबेगाव तीनदा लागोपाठ लिहिलं, की ६३ बरोबर भरतात.