नवागामच्या खेळाडू पोरांनो, बारावीनंतर मैदान सोडू नका

सुरतच्या नवागाम-डिंडोलीतल्या आपल्या खानदेशी घरांत दरवर्षी हेच दिसतं. गुजरात सरकारच्या खेल महाकुंभात कबड्डी गाजवलेला पोरगा बारावी होताच कामाला लागतो. घरची गरज मला कळते, पण त्याआधी एक नियम ऐका.

आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघ घेतो. त्यात पूर्णवेळ शिकणारा, 17 ते 25 वयाचाच खेळाडू चालतो. पूर्णवेळ नोकरी धरली की दार बंद. म्हणून आधी वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजात प्रवेश घ्या, मग विद्यापीठाच्या टीमच्या निवड चाचणीला उतरा. 2020 पासून सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांची वाटही तिथूनच जाते.

खेळ आहे म्हणून अभ्यास सुटत नाही, हेही सांगतो. आयआयटी मद्रासने 2024 पासून प्रत्येक बी.टेक. शाखेत खेळाडूंसाठी 2 जागा ठेवल्या, त्यातली 1 मुलींसाठी. तरी जेईई ॲडव्हान्स्डच्या यादीत नाव असावंच लागतं!

आणि ताई-दादांनो, खेळाच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि जन्मतारीख मार्कशीटशी जुळते का, ते आजच बघा. मूळ प्रती लॅमिनेट करू नका, झेरॉक्स वेगळ्या ठेवा.